‘ऑपरेटरची चूक’ लिहून फाइल बंद करू नका

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : नाशिकजवळच्या एमआयडीसीतून आलेलं पत्र. वय ३६, डिप्लोमा झालेला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. शिफ्ट दर आठवड्याला बदलते : फर्स्ट, सेकंड, नाइट, पुन्हा फर्स्ट. घरी पत्नी, दुसरीतली मुलगी आणि वडील. ते लिहितात, “पहाटे पाचला उठायचं, व्यायाम, इंग्रजीचा ऑनलाइन कोर्स, मुक्त विद्यापीठातून पदवी, रोज डायरी, असं या वर्षात चारदा ठरवलं. सुरुवात शक्यतो फर्स्टच्या आठवड्यात करतो. पाडव्यानंतरच्या सोमवारी सुरू केलं, १५ दिवस टिकलं. जूनअखेरीस एका बुधवारी परत, १२ दिवस. गणपती झाल्यावर सोमवारपासून, १७ दिवस. दिवाळीनंतर सेकंड चालू असताना सुरू केलं तर नवव्या दिवशीच बारा वाजले. माझ्याबरोबर डिप्लोमा केलेला मित्र चाकणला मॅनेजर झाला आणि मी आहे तिथेच. (आमच्याकडे कस्टमर ऑडिट, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी, असलं की साहेब मला मागे उभं राहायला सांगतात. पुढचं ऑडिट मार्चमध्ये आहे.) बायको म्हणते, तुम्ही ठरवण्यातच दमता. मी मुळातच आळशी आहे का? अंगात शिस्त कशी आणायची?”

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, कारण तुम्ही आकडे दिलेत. या सदराकडे आळसाची कबुली देणारी पत्रं पुष्कळ येतात. त्यात ‘खूपदा प्रयत्न केला, जमत नाही’ एवढंच असतं. १५, १२, १७, ९ असं कुणी लिहीत नाही. हे इन्स्पेक्टरचं पत्र आहे, तेव्हा तुमच्याच भाषेत बोलू.

समजा लाइनवर एका जॉबचं, म्हणजे सुट्या भागाचं, बोअर (आतलं भोक) मोठं निघालं. अख्खा लॉट बाजूला ठेवावा लागला. तुम्ही एनसी (त्रुटीची नोंद) काढलीत. चार दिवसांनी प्रॉडक्शनवाला कागद भरून घेऊन आला. रूट कॉजच्या (मूळ कारणाच्या) रकान्यात लिहिलंय, ‘ऑपरेटरची चूक’. करेक्टिव्ह ॲक्शनमध्ये, ‘ऑपरेटरला समज दिली’. तुम्ही सही कराल? माझी खात्री आहे, कागद त्याच्या हातात परत द्याल आणि म्हणाल, अरे बाबा, हे कारण झालं का? टूल किती जॉब चाललं होतं? ऑफसेट कुणी बदलला? पहिला पीस तपासला होता का? ऑपरेटर तोच होता, कालही होता, मग काल लॉट ओके कसा गेला?

आता हा दुसरा कागद बघा. रिजेक्शन : चार लॉट. रूट कॉज : मी आळशी आहे. करेक्टिव्ह ॲक्शन : शिस्त आणणे. यावर मात्र तुम्ही डोळे मिटून चारदा सही केलीत.

तुम्ही आळशी नाही असं मी तुम्हाला सांगावं, अशी तुमची अपेक्षा असेल तर ती पुरी करत नाही. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. तपासणी झालेलीच नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. एका गोष्टीसाठी सलग पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत टोयोटाच्या ताइइची ओनोंनी कारखान्यात रुजवली. तुमच्याकडे तिला व्हाय-व्हाय म्हणत असतील. ती घरी आणू.

बंद का पडलं? नाइट लागली म्हणून. पाडव्याचा प्रयत्न दोन आठवडे आणि वर एक दिवस चालला, गणपतीनंतरचा दोन आठवडे आणि तीन दिवस. जूनमधला बुधवारी सुरू झाला, म्हणजे पहिल्या आठवड्याचे पाच दिवस आणि दुसऱ्याचे सात, बरोबर बारा. दिवाळीनंतरचा सेकंडमध्ये सुरू झाला, सात आणि दोन नऊ. चारही लॉट एकाच ठिकाणी मोडलेत. आळस असा कॅलेंडर बघून येत नाही हो.

इथे थांबलो असतो तर सोपं होतं. ‘नाइटच्या आठवड्यात जास्त जोर लावा’ असं सांगून मी मोकळी झाले असते. पण पुढचा ‘का’ विचारा. नाइटमध्येच का मोडलं? तुमच्या सेकंडच्या आठवड्याचा हिशेब मांडून बघा. अकराला सुटणार, बस, घरी यायला पावणेबारा. हातपाय धुऊन दोन घास खाऊन पाठ टेकायला साडेबारा. लगेच झोप लागत नाही, हे शिफ्टवाल्या कुणालाही विचारा. एक वाजला. आणि गजर पाचचा. चार तास झोप, असे सहा-सात दिवस. मग सोमवारी रात्री त्याच शरीराला सांगायचं की आता सकाळपर्यंत जागं राहा. टूल झिजतं आधी, जॉब रिजेक्ट होतो नंतर. तुम्ही रिजेक्शनची तारीख बघत बसलात, झीज आदल्या आठवड्यातली होती.

फर्स्टच्या आठवड्यात पाचला उठणं जमत होतं त्याचं श्रेयही तुमच्या निर्धाराला देऊ नका, रागावू नका. सातची शिफ्ट आणि सव्वासहाची बस असेल तर एरवीही तुम्ही पाचलाच उठता. तिथे निर्धार नव्हता, बस होती.

पुढचा ‘का’ : असं वेळापत्रक बनलंच का? कारण ते तुमच्यासाठी बनलेलं नव्हतं. पहाटे पाचचं कौतुक करणाऱ्यांचा दिवस रोज एकसारखा असतो. त्यांच्याकडे दर सोमवारी सूर्य उलट्या बाजूने उगवत नाही. शरीराचं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं आणि ते पेशीपेशीत कसं फिरतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं वैद्यकातलं नोबेल मिळालं. ते घड्याळ आठवडाभरात उलटंपालटं होत नाही. थोडं सरकतं न सरकतं तोच तुमची शिफ्ट पुढे गेलेली असते. दिवसा झोप तुटक लागते, कमी लागते, यात तुमच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

माझे मामा इगतपुरीला रेल्वेत होते. आम्ही उन्हाळ्यात जायचो तेव्हा मामांची रात्रपाळी असली की मामी दोन कामं करायची. पश्चिमेच्या खिडकीवर जाड गोधडी टांगायची, खिळे कायमचे ठोकलेले होते. आणि बाहेरच्या कोयंड्याला मामांचा लाल रुमाल बांधायची. रुमाल दिसला की दूधवाला कडी वाजवायचा नाही, भांडं जोत्यावर ठेवून जायचा. शेजारची मुलं भोवरे उचलून पलीकडच्या चाळीपुढे जायची. मामांना झोपण्यासाठी ‘मनाचा निर्धार’ करताना मी कधी पाहिलं नाही. घरानं तशी सोय केली होती. तुमच्या घरात अशी खिडकी आहे का? आज जाऊन बघा. तुमची डायरी आणि गजर याच्यापेक्षा मला त्या गोधडीची चौकशी जास्त महत्त्वाची वाटते.

याच ओघात एक टोचणारा मुद्दा. पाचला उठून व्यायाम-अभ्यास करणाऱ्याचा डबा कोण भरतं? तुमच्या पत्रात मुलीची शाळा आणि वडिलांची औषधं यांचा उल्लेखच नाही. म्हणजे ते कुणीतरी निमूट करतंय. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं, असं दिसलं. पत्नी म्हणतात, ‘तुम्ही ठरवण्यातच दमता’. तुम्ही ते टोमणा म्हणून लिहिलंत. मला ते लाइनवर उभ्या असलेल्या माणसाचं निरीक्षण वाटतं. चारही वेळा त्या तिथेच होत्या. कितव्या दिवशी तुमची चिडचिड सुरू होते, हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असणार. नवीन काही ठरवण्याआधी त्यांना विचारा, आणि उत्तर देत असताना मध्ये बोलू नका. त्यांचाही एखादा अर्धवट राहिलेला कोर्स निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता शेवटचा ‘का’, आणि मला वाटतं मूळ तिथे आहे. एकाच वेळी पाच गोष्टी का?

पहाटे उठणं, व्यायाम, इंग्रजी, पदवी, डायरी. यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे, आईच्या हातच्या पदार्थासारखी. नको कशी म्हणणार? पण यातली तुमची कुठली? पदवी मला मित्राच्या चाकणच्या केबिनमधून आल्यासारखी वाटते. पाचचा गजर मोबाइलमधून आलाय. तुमच्या पत्रात तुमचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे आणि ते तुम्ही कंसात टाकलंत : ऑडिट असलं की साहेब मागे उभं राहायला सांगतात. हे वाक्य लिहिताना तुमचं पेन अडखळलं असणार. जे सगळ्यात जास्त लागतं ते माणूस कंसात लिहितो.

त्या दिवशी काय होतं, हे मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, नवे सेफ्टी शूज, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या ताज्या रंगवलेल्या. पाहुणे तुमच्या स्टेशनपाशी थांबतात. मापायचं गेज तुमचं, रजिस्टर तुमच्या अक्षरातलं, उत्तर तुम्हाला पाठ. आणि बोलतं दुसरंच कुणीतरी, ज्याला ते गेज कुठल्या कपाटात असतं हेही माहीत नाही. संध्याकाळी घरी येऊन माणूस इंग्रजीचा तीनशे धड्यांचा कोर्स विकत घेईल नाही तर काय करेल? आणि कोर्सच्या पहिल्या धड्यात विमानतळावर कॉफी कशी मागवायची ते असतं.

पण थांबा, इथेही एक गृहीतक आहे. साहेब तुम्हाला इंग्रजीमुळे मागे ठेवतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी, की तुम्हीच धरून चाललात? कदाचित मागच्या कुठल्यातरी ऑडिटला एखाद्यानं नको ते जास्तीचं बोलून एनसी ओढवून घेतली असेल आणि तेव्हापासून त्यांनी सगळ्यांनाच मागे केलं असेल. कदाचित ऑडिटरला हिंदी चालत असेल. कदाचित तुमचा अंदाज बरोबरही असेल. विचारल्याशिवाय कसं कळणार? साहेबांना चहाच्या वेळी गाठा आणि एवढंच म्हणा, “सर, मार्चला माझ्या स्टेशनचं मी बोलू का? तुम्ही शेजारी थांबा, अडलो तर सांभाळून घ्या.” ते नाही म्हणाले तरी का नाही ते कळेल. तुमच्या पत्रातल्या पाच संकल्पांपेक्षा या एका प्रश्नाला मी जास्त मार्क देईन. तो विचारायला अवघड आहे, म्हणूनच आपण त्याच्याऐवजी डायरी विकत आणतो.

ते हो म्हणाले असं धरून चालू. मग काय करायचं?

तुमचा आठवडा सात दिवसांचा नाही, २१ दिवसांचा आहे. कॅलेंडरवर आधी शिफ्टचे फेरे आखा. डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर असे चार फेरे मिळतात, बारा आठवडे. त्यातले नाइटचे चार आठवडे आत्ताच काट मारून टाका. त्या आठवड्यात झोप, जेवण, मुलीशी गप्पा, बस्स. कारखान्यात मेंटेनन्ससाठी मशीन बंद ठेवता तेव्हा त्याला आळस म्हणता का? शटडाउन म्हणता, आणि तो आधीच प्लॅनमध्ये असतो. आजवर तुमचं मशीन बंद पडत होतं, आता तुम्ही ते बंद ठेवणार आहात.

उरले आठ आठवडे. आठवड्याला पाच दिवस धरा, दिवसाला २० मिनिटं. ४० बैठका, १३ तास २० मिनिटं. ऐकायला फार थोडं वाटतं, आणि तीनशे धड्यांना ते पुरणार नाहीच. पण तुम्हाला विमानतळावर कॉफी मागवायची नाही. ऑडिटर तुमच्या स्टेशनवर नेमकं काय विचारतो? कंट्रोल प्लॅन दाखवा. या गेजचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) कधी झालं? पीस रिजेक्ट निघाला तर तुम्ही काय करता, कुठे ठेवता, कुणाला कळवता? ही तपासणी दर तासाला किती पीसची? फार तर वीस प्रश्न निघतील. जुन्या ऑडिटचे रिपोर्ट क्वालिटीच्या कपाटात असतील, त्यातून काढा. आधी उत्तर मराठीत लिहा, जसं नव्या ट्रेनीला सांगाल तसं. मग छोट्या, बाळबोध इंग्रजी वाक्यांत करा. एकेका उत्तराला दोन बैठका येतात. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा लाज वाटेल, तेवढी सोसा.

सेकंडच्या आठवड्यात हे सकाळी दहाला करा, मुलगी शाळेत गेल्यावर, पुरी झोप झाल्यावर. फर्स्टच्या आठवड्यात दुपारी घरी आल्यावर अर्धा तास आडवे व्हा, मग बसा. पाचचा गजर सेकंड आणि नाइटपुरता तरी काढूनच टाका.

आणि विसरलात तर? विसरणारच. म्हणून एक गोष्ट. पोका-योके, म्हणजे चूक होण्याआधीच अडवणारी युक्ती, तुम्हाला माहीत आहे, त्याचा उगम कदाचित नसेल. १९६१ साली जपानमध्ये एका कारखान्यात बटणाच्या छोट्या स्विचखाली दोन स्प्रिंगा बसवायचं काम चालायचं. कामगार अधूनमधून एक स्प्रिंग विसरायचे. साहेब रागवायचे, चार दिवस सगळं नीट, मग पुन्हा तेच. शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनिअरनं सांगितलं, समोर एक छोटी बशी ठेवा, आधी दोन स्प्रिंगा बशीत काढा, मग बसवा. बशीत स्प्रिंग उरली की कळलं. रागावणं संपलं. या युक्तीला तेव्हा जपानीत जे नाव होतं त्याचा अर्थ होता ‘मूर्खाला अडवणे’. १९६३ साली दुसऱ्या एका कारखान्यात ते नाव ऐकून एक कामगार बाई रडायला लागली, मी काय मूर्ख आहे का म्हणून. शिंगोनं नाव बदलून ‘चूक अडवणे’ केलं. युक्ती तीच, फक्त माणसाला मूर्ख म्हणणं बंद झालं. तुम्ही गेले वर्षभर स्वतःपुरतं जुनंच नाव वापरताय.

तुमची बशी म्हणजे व्हर्निअरची (मापाच्या उपकरणाची) डबी. सकाळी त्यात एक चिठ्ठी ठेवा, त्या दिवसाचं वाक्य लिहिलेली. चहाच्या सुट्टीत एकदा मोठ्यानं म्हटलंत की चिठ्ठी शर्टाच्या खिशात. सुटताना डबीत चिठ्ठी उरली असेल तर आज राहिलं, उद्या म्हणा. त्यावर डायरीत तीन ओळींचा पश्चात्ताप नको.

२१ दिवसांत सवय लागते असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्यामुळेच १७व्या दिवशी मोडल्यावर जास्त वाईट वाटलं असेल, काठावर येऊन बुडाल्यासारखं. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा काठ जवळ नव्हताच.

मुक्त विद्यापीठ १९८९पासून तुमच्याच गावात आहे, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे, ते मार्चनंतरही तिथेच असेल. व्यायामाचं म्हणाल तर लाइनवर आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला आधी झोप हवी, मग जिम.

हे वाचणाऱ्या नर्स, पोलीस, सिक्युरिटी गार्ड, कॉल सेंटरवाल्यांनाही तेच सांगेन. नवं वेळापत्रक आखण्याआधी तुमच्या ड्युटीचा एक पुरा फेरा नुसती नोंद ठेवा : किती तास झोपलो, काय राहिलं, त्या दिवशी कुठली ड्युटी होती. त्या काळात काहीही सुधारू नका. प्रत्येक पीसनंतर मशीनची सेटिंग हलवणाऱ्या ऑपरेटरला इन्स्पेक्टर काय म्हणतो ते या पत्रलेखकांनाच विचारा. आणि सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नसेल, आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर सल्ला-सदर बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुम्ही मात्र आधी खिडकीला खिळे ठोका, मग साहेबांना गाठा. आणि पहिली चिठ्ठी सोपी घ्या : ‘धिस गेज वॉज कॅलिब्रेटेड ऑन…’ पुढची तारीख तुम्हाला पाठ आहेच.